आकृती ६.४

तळेकरांनी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं, फायलीतली पहिली चार पानं धरून सरळ रेषेत कापली आणि उरलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“लेखकाचं नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना. तुमच्या कामाचं काही नाही त्यात.” कापलेली पानं त्यांनी खणात टाकली आणि खण गुडघ्यानं बंद केला. “नाव कळलं की माणूस पुस्तक वाचत नाही, नाव वाचतो. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे ही. तुमचंही नाव लेखकाला कळणार नाही. मोकळेपणानं झोडा.”

“झोडलंच पाहिजे असं काही नाही. चांगलं असलं तर चांगलं म्हणेन.”

“म्हणा की. पण शेवटी एका शब्दात उत्तर पाहिजे. छापावं की छापू नये. तांत्रिक पुस्तकाला मी एकच तज्ज्ञ विचारतो आणि त्याचा नकार म्हणजे नकार.”

मी गठ्ठा पिशवीत घातला. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, “नियम मोडून एवढंच सांगतो. माणूस मेअखेर निवृत्त होतोय. अकरा वर्षं हेच एक पुस्तक लिहितोय.”

“म्हणजे मी दया दाखवू?”

“छे हो. म्हणजे नीट वाचा.”

ही २०१२ सालची गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांची, पुण्यातल्या एका कंपनीत नेटवर्क विभागाची प्रमुख. कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे, एकातली माहिती दुसऱ्यात कशी पोचवायची आणि ती वाटेत अडली तर कुणाच्या नावानं खडे फोडायचे, हे सगळं माझं क्षेत्र. हाताखाली अकरा माणसं, आणि अकराही मला घाबरायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गठ्ठा चारशे बारा पानांचा होता. कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय, मराठीतून, ‘विद्यार्थ्यांसाठी आणि व्यवसायातल्या मंडळींसाठी’. असं दोन दगडांवर पाय ठेवणारं पुस्तक मला आवडत नाही. ते विद्यार्थ्याला जड जातं आणि कामावरच्या माणसाला पोरकट वाटतं. मी तांबडी पेन्सिल तासून बसले.

पहिल्या पन्नास पानांत पेन्सिल कागदाला टेकली नाही. हब आणि स्विच ही दोन यंत्रं दिसायला सारखी, पण वागायला वेगळी. लेखकानं लिहिलं होतं, ‘हब म्हणजे दवंडी. निरोप एकाचा, पण ऐकायचा साऱ्या गावानं. स्विच म्हणजे पोस्टमन. ज्याचं पत्र त्याच्याच हातात.’ पुढे कॉम्प्युटरच्या दोन पत्त्यांबद्दल: ‘कार्डावर कारखान्यातून येणारा पत्ता म्हणजे हातावरचं गोंदण. नेटवर्क देतं तो पत्ता म्हणजे दारावरची पाटी. घर बदललं की पाटी बदलते, गोंदण बदलत नाही.’ हा फरक सांगताना मी नव्या माणसांपुढे तास तास घसा फोडायचे. या गृहस्थानं चार ओळींत काम उरकलं होतं. मला सरळ सरळ हेवा वाटला.

असं करत मी पान एकशे त्र्याहत्तरवर आले. तिथे आकृती ६.४ होती.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ रंगांच्या आठ तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमानं लावून प्लास्टिकच्या छोट्या कनेक्टरमध्ये सारायच्या आणि पकडीनं दाबायच्या. कनेक्टरच्या एका बाजूला खटका असतो; केबल जागेवर बसली की तो टक्कन वाजतो. तारा लावताना खटका आपल्यापासून पलीकडे धरायचा, मग डावीकडून पहिली तार पांढरी-नारिंगी आणि शेवटची तपकिरी. आकृती ६.४ मध्ये रंगांचा क्रम अगदी बरोबर होता. पण खटका बघणाऱ्याच्या समोर, छान ठसठशीत काढलेला. म्हणजे आठच्या आठ तारा उलट्या.

ही चूक माझ्या चांगल्या ओळखीची होती. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला आठवडा. एका ऑफिसात वीस केबल टाकायच्या होत्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचे वरिष्ठ वाडकर. काम झालं आणि एकही कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलेना. वाडकरांनी माझं एक टोक उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, “कुठून शिकून आलीस?” मी म्हटलं, “सोनवडीच्या पॉलिटेक्निकमधून.” वीसही टोकं मला पुन्हा करायला लावली. पुढे वर्षभर ऑफिसात काहीही उलटं झालं की सगळे म्हणायचे, ही सोनवडी पद्धत. सुरुवातीला मी रडले होते. मग मीच तो किस्सा सांगायला लागले. आमच्या सरांनी शिकवलंच उलटं, त्याला मी काय करणार, असं म्हटलं की लोक हसायचे आणि माझ्यावरचं बालंट जायचं. नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी मी हा किस्सा सांगत असे.

तोच खटका आता पुस्तकात दिसला आणि माझं डोकं तापलं. उरलेली पानं मी वाचली, पण मन उडालं होतं. अभिप्रायात लिहिलं: ‘पुस्तक वाचनीय आहे. मात्र आकृती ६.४ पूर्ण चुकीची आहे. ज्यानं ती काढली त्यानं कनेक्टर कधी हातात धरलेला नाही हे उघड आहे. ज्याचा पायाच कच्चा, त्याच्या उरलेल्या चारशे पानांवर भरवसा का ठेवावा? छापू नये.’

तळेकरांचा फोन आला. “अहो, एका चित्रासाठी?”

“तळेकर, पाककृतीच्या पुस्तकात साखरेच्या जागी मीठ छापलं तर एका शब्दासाठी म्हणाल का? हजार पोरं हे चित्र समोर ठेवून हात चालवणार.”

“लेखकाला सांगून दुरुस्त करून घेता येईल.”

“चित्र दुरुस्त होईल. ज्याला ते चुकीचं दिसलं नाही त्याचं काय करणार?”

वादात मी हरत नसे.

आठवड्यानं त्यांनी मला बोलावून घेतलं आणि लेखकाचं पत्र पुढे केलं. सही शाईनं खोडून टाकली होती. ‘परीक्षकांचा आदर राखून कळवतो की आकृती बरोबर आहे. आमच्या प्रयोगशाळेत याच आकृतीबरहुकूम केलेल्या बासष्ट केबल वर्षानुवर्षं चालू आहेत. परीक्षकांनी स्वतः येऊन पाहाव्यात. समोर चूक दाखवली तर मी पुस्तक मागे घेईन. नाही दाखवली, तर अभिप्राय मागे घ्यावा.’

“बाणेदार आहे,” मी म्हटलं. “जाऊ की. कुठे आहे ही प्रयोगशाळा?”

तळेकर कानामागे खाजवत राहिले. “आता नियम मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. सोनवडी म्हणून गाव आहे, सांगलीच्या पलीकडे. तिथलं पॉलिटेक्निक. आवटी नावाचे प्राध्यापक आहेत.”

मी पत्र पुन्हा वाचलं. खोडलेल्या शाईखाली लांब शेपटीचा ‘आ’ आता मला दिसायला लागला.

आवटी सरांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. माणूस मूळचा रेडिओ, टीव्हीच्या सर्किटातला. कॉलेजात कॉम्प्युटरचा विभाग निघाला तेव्हा शिकवायला कोणी मिळेना, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी सर पुस्तकं आणून स्वतः शिकले आणि आम्हाला शिकवायला उभे राहिले. वर्गात ते नुसतं सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. दवंडी नाही, पोस्टमन नाही. हा माणूस गोंदण आणि पाटी लिहील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अभिप्राय बदलावा असं वाटलं नाही. उलट सगळा हिशोब जुळला. हीच ती चूक आणि हेच ते सर.

“दुसरा परीक्षक बघू का?” तळेकरांनी विचारलं.

“कशाला? मीच जाते.”

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी मी सोनवडीला उतरले. पिशवीत माझी पकड, केबल तपासायचा टेस्टर, मूठभर कनेक्टर आणि कंपनीत तयार झालेली एक केबल, पाकीट न फोडलेली. प्रयोगशाळेच्या दारात लोहारमामा स्टुलावर बसले होते. मी शिकत असल्यापासून लॅबची किल्ली त्यांच्याच कमरेला.

“कोण गं? शिंगट्याची हेमा व्हय?” ते उठले. “लई दिसानं वाट चुकलीस. सर, बघा तरी कोण आलंय!”

सर आतून आले. केस पांढरे झाले होते, शर्टाच्या बाह्या तशाच कोपरापर्यंत दुमडलेल्या. मला बघून त्यांचं तोंड उजळलं.

“शिंगटे! बरी आलीस. अगदी वेळेवर आलीस. आज पुण्याहून एक परीक्षक यायचे आहेत, माझ्या पुस्तकासाठी. फार तिखट माणूस दिसतोय. तू इथंच थांब. माझी विद्यार्थिनी म्हणून तुला दाखवता येईल.”

मी चप्पल काढता काढता थांबले. “सर, तो तिखट माणूस मीच आहे.”

लोहारमामा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ज्याचा पायाच कच्चा, ते तू लिहिलंस?”

“हो सर. पुस्तक तुमचं आहे हे माहीत नव्हतं.”

“असतं तर?”

मी खरं ते सांगितलं. “भाषा मऊ केली असती. उत्तर तेच दिलं असतं.”

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, “मग ठीक आहे. मामा, सात नंबरची केबल सोडवा. प्रयोगानंच ठरवू.”

मामांनी केबल आणून माझ्या हातात दिली. दोन्ही टोकं त्यांनीच केलेली, सफाईदार. आणि दोन्ही टोकं उलटी. मी टेस्टर लावला. टेस्टरला दोन डबे असतात, एकेका डब्यावर आठ दिवे. दोन्हीकडचे दिवे एक ते आठ असे बरोबरीनं लागत गेले.

“बघ,” सर म्हणाले. “काय वाईट आहे यात?”

“काही नाही सर. दोन्ही टोकं सारखीच उलटी आहेत म्हणून चालतंय. आता बघा.”

मी एक टोक कापलं, खटका पलीकडे धरून आठ तारा लावल्या आणि पकड दाबली. पुन्हा टेस्टर लावला. एका डब्यावर दिवे वरून खाली उतरत होते, दुसऱ्यावर खालून वर चढत होते. केबल कॉम्प्युटरला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली आली.

“म्हणलं नव्हतं मी?” लोहारमामांनी मांडीवर थाप मारली. “सर, दर बारीला हेच हुतंय. सांगलीचा मेस्त्री आला, त्यानं एक टोक बदललं, केबल मेली. मागच्या साली मिरजेचा आला, तीच गत. बाहेरच्याचा हातच लागू पडत न्हाई हितं.”

“मामा, मी बाहेरची का?”

“आता पुण्याची म्हंजे बाहेरचीच की गं.”

कॉलेजात ही समजूत पक्की होती. आमच्या लॅबला बाहेरच्याचा हात मानवत नाही. दोन मेस्त्र्यांना तर यांनी अडाणी ठरवून परत पाठवलं होतं. मामांनी त्यांची टोकं कापून पुन्हा आपल्या पद्धतीनं केली की सगळं सुरळीत, मग समजूत आणखी पक्की. मला हसू आवरेना.

सर हसत नव्हते. ते केबलचं टोक बोटांत फिरवत होते. “तुझंच बरोबर आणि आमचं उलटं कशावरून?”

मी पाकीट फोडलं आणि तयार केबल त्यांच्या हातात दिली. त्यांनी खटका पलीकडे धरला. पांढरी-नारिंगी डावीकडे. मामांची केबल शेजारी धरली. पांढरी-नारिंगी उजवीकडे. चार-पाच वेळा त्यांनी या केबलीकडून त्या केबलीकडे पाहिलं.

“अशा तयार केबल इथं कितीतरी आल्या,” ते हळू म्हणाले. “लावल्या की चालायच्या. चालणाऱ्या वस्तूकडे निरखून कोण बघतो?”

“तेच तर सर.”

“म्हणजे आपल्यात आपण उलटं बोलतोय. दोघंही उलटं बोलतात म्हणून एकमेकांना कळतं. तिसरा आला की कळत नाही, आणि आपण म्हणतो तिसराच अडाणी.” ते स्टुलावर बसले. “किती पोरं बाहेर गेली असतील इथून.”

त्यांचा चेहरा बघून मला माझी जीत गोड लागेना. पण तोंड गप्प बसेल तर ते माझं कसलं? मी म्हटलं, “त्यातली एक मी होते. पहिल्या नोकरीत वीसच्या वीस टोकं उलटी केली मी. वर्षभर लोक हसत होते. सर, मला राग नव्हता तुमचा. पण तुम्ही आम्हाला शिकवलं ते असं, उलटं.”

सरांनी मान वर केली. त्यांना अपमान वाटला नव्हता, ते गोंधळले होते.

“मी? तू प्रस्तावना वाचली नाहीस का?”

“प्रस्तावना नव्हती सर. ती पानं प्रकाशकांनी कापून ठेवली.”

“अस्सं.” ते उठले. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून त्यांनी एक जर्नल काढलं. खाकी कव्हर, कडा हाताळून काळ्या पडलेल्या, पाठीला दोनदा चिकटपट्टी लावलेली. ते त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

कव्हरवर माझं नाव होतं. हेमलता शिंगटे, रोल नंबर तेवीस, १९९८. अक्षर माझं, आणि त्याखाली मी स्केचपेननं काढलेली नक्षीसुद्धा.

“परीक्षा झाल्यावर मी मागून घेतलं होतं तुझ्याकडून,” सर म्हणाले. “आठवतंय? एवढं सुबक जर्नल इथं आधी झालं नाही, नंतरही नाही. तेव्हापासून दर वर्षी केबलचं प्रात्यक्षिक आलं की मी हेच वर्गात फिरवतो. बघा, शिंगटेनं कसं काढलंय, असंच करायचं. पुस्तकात आकृती दिली तीही यातलीच. प्रस्तावनेत तसं लिहिलंय.”

मी पान उलटलं. आठ तारा रंगीत पेन्सिलींनी रंगवलेल्या, एकही रंग रेषेबाहेर गेलेला नाही. आणि कनेक्टरच्या बरोबर मध्ये, समोर, छायाभेद देऊन काढलेला खटका.

सरांनी त्यांची स्वतःची जुनी टिपणवही काढून शेजारी उघडली. फळ्यावर काढायच्या आकृत्या त्यात होत्या. तीच आकृती, पेननं खरडलेली, वाकडीतिकडी. रंगांचा क्रम तोच. पण खटका नव्हता. तो मागच्या बाजूला होता, मग दिसणार कसा?

मला सगळं आठवलं. त्या वर्षी साठ पोरांत बारा कनेक्टर आले होते. ते जपून ठेवायचे म्हणून आम्ही प्रात्यक्षिक केलंच नाही, फळ्यावरून आकृती उतरवली आणि सरांनी लांबून एक कनेक्टर दाखवला. त्याला खटका होता हे मी बघितलं होतं. घरी रंगवायला बसले तेव्हा सरांची आकृती मला अपुरी वाटली, बोडकी वाटली. म्हणून शोभेसाठी मी खटका काढला. दिसायला फार छान दिसत होता.

ज्यानं ती काढली त्यानं कनेक्टर कधी हातात धरलेला नाही. तंतोतंत खरं लिहिलं होतं मी. वाडकरांपुढची ती वीस टोकंही मी सरांचं ऐकून केली नव्हती. माझ्याच चित्राप्रमाणे केली होती. आणि चौदा वर्षं ज्याला त्याला हसत हसत सांगत होते, की आमच्या सरांनी उलटं शिकवलं.

कान गरम झाले.

“सर, ही चूक माझी आहे.”

“खाली बघ,” सर म्हणाले.

आकृतीखाली लाल शाईत सही होती. लांब शेपटीचा ‘आ’.

“ही सही माझी. तपासलं असा तिचा अर्थ. साठ जर्नलं होती त्या दिवशी. एकोणसाठ मी पान पान बघून तपासली. तुझं उघडलं, आणि शिंगटेचं काय तपासायचं म्हणून सही केली. पुढेही कधी तपासलं नाही. दर वर्षी नुसतं दाखवत गेलो.” त्यांनी टिपणवही मिटली. “मी तळेकरांना कळवतो. पुस्तक मागे घेतो. शब्द दिलाय तसा.”

“सर, एका चित्रासाठी?”

माझ्या तोंडून गेलं आणि मलाच ते तळेकरांच्या आवाजात ऐकू आलं.

“तूच लिहिलंयस की. उरलेल्या चारशे पानांवर भरवसा का ठेवावा? मी त्याचं उत्तर शोधतोय. माझ्याकडे नाही.”

“माझ्याकडे आहे.” माझा आवाज चढला, लोहारमामा दचकले. “उरलेली चारशे पानं मी वाचलीत सर. पेन्सिल हातात धरून वाचलीत. दवंडी वाचली, पोस्टमन वाचला. ते गोंदण आणि पाटी मी माझ्या माणसांना सांगायला लागलेय, तुमचं नाव न घेता, चोरून. त्या चारशे पानांत मला चूक सापडली नाही, आणि मला चूक सापडत नाही असं सहसा होत नाही. एवढ्या पुस्तकात चुकीची वस्तू एकच आहे, आणि ती तुमची नाही. पुस्तक मागे घ्यायचं तर मग मी माझी नोकरी सोडते. माझाही पाया त्याच पानावर आहे.”

“म्हंजे आता काय,” लोहारमामांनी मधेच विचारलं, “बासष्टच्या बासष्ट उलट्या हायत म्हणा की. मग चालू द्या की तशाच. सगळ्याच उलट्या म्हंजे सरळच झाल्या न्हव्हं?”

“नाही मामा,” सर म्हणाले. “यंदाची पोरं पुढच्या महिन्यात बाहेर जाणार आहेत.” ते उठले आणि खिशाचं लाल पेन काढलं. माझ्या जर्नलमधल्या त्या सुंदर आकृतीवर त्यांनी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. चौदा वर्षांपूर्वीची स्वतःची सही खोडली. शेजारी लिहिलं, ‘पुन्हा काढणे’, आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

जर्नलमध्ये असा शेरा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

“बस,” ते म्हणाले. “आता काढ. पण आधी कनेक्टर हातात घे.”

मी बाकावर बसले, पुढच्या रांगेत, जिथं तेव्हा बसायचे. मामांनी कुठूनतरी रंगीत पेन्सिलींचं खोकं शोधून आणलं. मी डाव्या हातात कनेक्टर धरला, खटका पलीकडे. उजव्या हातानं रेघा मारल्या, आठ तारा रंगवल्या. खटका दिसत नव्हता. तो मागे आहे हे कळावं म्हणून मी फिकट तुटक रेघेनं दाखवला. मागे सर आणि मामा एकेक केबल सोडवून टोकं कापत होते. कापलेल्या टोकांचा टेबलावर ढीग साठत होता.

पुढे अभिप्राय मी नव्यानं लिहिला. ‘छापू नये’चं ‘छापावं’ केलं, कच्च्या पायाचं वाक्य काढलं आणि आकृती काढणाऱ्याबद्दलचं वाक्य ठेवलं, फक्त ‘ज्यानं’च्या जागी माझं नाव घातलं. जूनमध्ये पुस्तक आलं. प्रस्तावनेतलं माझ्या नावाचं वाक्य सरांनी काढलं नाही, त्याला पुढे एक जोडलं: ‘या आकृतीत अनेक वर्षं चूक होती. चूक विद्यार्थिनीची, सही माझी.’ ‘सोनवडी पद्धत’ हा किस्सा मी अजूनही नव्या माणसांना सांगते, पण आता त्यात हसणारे लोक वेगळ्या ठिकाणी हसतात.

त्या दुपारी मात्र आकृती पुरी झाल्यावर मी जर्नल उचलून सरांच्या टेबलापाशी नेलं. सही होईल, घेऊन जागेवर जाऊ, अशी माझी जुनी सवय. सरांनी जर्नल घेतलं आणि पेन बाजूला ठेवलं.

“थांब,” ते म्हणाले. “तपासू दे.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि दुसऱ्या हातात कनेक्टर धरला. पांढरी-नारिंगी. नारिंगी. पांढरी-हिरवी. निळी. एकेका तारेवर बोट ठेवत, एकदा कागदावर आणि एकदा कनेक्टरवर, ते पुढे सरकत होते. मी उभी होते. अकरा माणसांची साहेब, आणि पाचव्या तारेपाशी सर थबकले तेव्हा माझा श्वास अडकला. पांढरी-निळी. हिरवी. पांढरी-तपकिरी. तपकिरी. मग त्यांनी मागच्या तुटक रेघेवर बोट फिरवलं आणि कनेक्टर उलटा करून खटका पाहिला.

“आता बरोबर आहे, शिंगटे,” सर म्हणाले आणि पेन उचललं.